सोमवार ते शनिवारचे शिष्यत्व: खरेदी विभागातील एका तरुणाच्या प्रश्नाला उत्तर

ख्रिस्तात सलाम.

तुमचा प्रश्न मी तीन वेळा वाचला. तुम्ही चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करता, पाळ्या बदलत्या असतात, घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी आहे. रविवारची उपासना तुम्ही सहसा चुकवत नाही. परंतु सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये पाय ठेवला की आपण ख्रिस्ती आहोत हे शनिवारपर्यंत आठवतही नाही, असे तुम्ही लिहिले आहे. रोज तासभर पवित्र शास्त्र वाचण्याचा निश्चय चार वेळा मोडला, पुरवठादारांकडून दिवाळीला येणारी पाकिटे तुम्ही घेतली आहेत, खंडेनवमीच्या यंत्रपूजेला कसे वागावे हे उमगत नाही आणि घरी आल्यावर क्षुल्लक कारणाने पत्नीवर आवाज चढतो, हेही तुम्ही मोकळेपणाने सांगितले आहे. एवढे सगळे सांगून शेवटी तुम्ही मागितले आहे ते मात्र एक वेळापत्रक.

वेळापत्रक मी देईन, कारण त्याचा उपयोग असतो. मात्र ३४ वर्षे अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतील मंडळ्यांत पाळक म्हणून सेवा करताना आणि दृढीकरणाच्या, म्हणजे तरुणांना ख्रिस्ती विश्वासात पक्के करण्याच्या, वर्गात दरवर्षी तरुण मुलामुलींसमोर बसताना मला जे दिसत आले, त्यावरून सांगतो की तुमची अडचण वेळेची नाही. तुमच्या दिवसात प्रार्थनेचा तास कमी पडतो आहे असे तुम्हांला वाटते. मला असे दिसते की दिवसभरात तुम्ही जे वीस-पंचवीस निर्णय घेता, त्यांपैकी एकाही निर्णयात ख्रिस्ताला बोलण्याची मुभा नाही. एक तास वाढवला तरी ते वीस-पंचवीस निर्णय तसेच राहतील, आणि मग तो तासही पोकळ वाटू लागून पाचव्यांदा मोडेल.

शिष्य या शब्दाचा अर्थ आपल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. पूर्वी गाणे शिकायला गेलेला मुलगा गुरूच्या घरी राहत असे. तो पाणी भरी, तंबोरा लावी, गुरू रियाज करताना कोपऱ्यात बसून ऐके, आणि समोर बसवून दिलेली तालीम हा त्याच्या शिक्षणाचा एक भाग असे. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेल्या येशूच्या चारही शुभवर्तमानांत बारा शिष्यांचे शिक्षण असेच झालेले दिसते. ते वाटेने चालताना, होडीत, जेवणाच्या पंक्तीत आणि आपापसांत भांडताना शिकले. स्वतः प्रभू येशूने सेवेला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता असे लूक सांगतो, आणि नासरेथचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखत होते असे मार्क सांगतो. म्हणजे त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग घरात, गावात आणि हत्यारे हाती धरून गेला. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता. आणि ज्या वचनाचा तुम्ही उल्लेख केला आहे, स्वतःला नाकारून आपला वधस्तंभ उचलून घेण्याचे, ते मत्तय, मार्क आणि लूक या तिघांतही आहे. पण त्यात ‘दररोज’ हा शब्द एकटा लूक घालतो. त्या एका शब्दावर मी माझ्या वर्गात दोन रविवार खर्च करत असे.

आता पाकिटांचा विषय घेतो. तुम्ही तो चौथ्या ओळीत ओझरता लिहिला आहे, पण माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीच्या काठी उपदेश करत होता, तेव्हा लोकांनी त्याला तुमच्यासारखाच प्रश्न विचारला: आम्ही काय करावे? त्याने कोणालाही प्रार्थनेचे तास सांगितले नाहीत. दोन अंगरखे असणाऱ्याने नसणाऱ्याला एक द्यावा, जकातदारांनी ठरलेल्यापेक्षा अधिक घेऊ नये, शिपायांनी कोणाला धाक घालून पैसे उकळू नयेत आणि आपल्या पगारात तृप्त असावे, एवढेच तो म्हणाला. प्रत्येकाला त्याच्या धंद्यातली नेमकी खोट दाखवली; धंदा सोडा असे मात्र जकातदारालाही म्हटले नाही. पुढे यरीहोत मुख्य जकातदार जक्कय याच्या घरी प्रभू उतरला, तेव्हा जक्कय उभा राहून जे बोलला त्यात अर्धे (गरिबांना) आणि चौपट (ज्याचे लुबाडले त्याला परत) असे हिशेबाचे शब्द आहेत. त्याचा विश्वास त्याच्या वहीपर्यंत पोहोचला होता. तुमच्या विश्वासाला वहीपर्यंत जाऊ दिलेले नाही, म्हणून तो रविवारी उपासनामंदिराच्या दारातच थांबतो, असे मला मनापासून वाटते.

म्हणून पहिले पाऊल असे. एका कागदावर आठवतील तेवढी पाकिटे लिहून काढा: कोणी दिले, केव्हा दिले, अंदाजे किती होते, आणि त्या पुरवठादाराला त्या वर्षी कोणती ऑर्डर मिळाली. मिठाईचा डबा आणि रोख रक्कम यांत फरक करा, कारण तो खरोखर आहे. सगळ्या विभागासमोर टेबलावर ठेवलेला डबा सर्वांनी वाटून खाल्ला तर त्याने कोणाचा भाव ठरत नाही. परंतु जी वस्तू तुम्ही खणात सरकवली आणि साहेबांना सांगितली नाही, ती यादीत येते. जिथे तुम्हांला वाटत असेल की पाकिटामुळे महाग कोटेशनला होकार दिला गेला, तिथे नुकसान कंपनीचे झाले आहे, पुरवठादाराचे नाही. अन्यायाने घेतलेले पूर्ण परत करून त्यावर पाचवा हिस्सा अधिक द्यावा, असे जुन्या करारातील लेवीय आणि गणना या पुस्तकांत सांगितले आहे. तुम्ही नेमके किती द्यावे हे मी ठरवणार नाही. पण परतफेडीशिवाय पश्चात्ताप पुरा झाला असे मी कोणालाही कधी सांगितलेले नाही.

इथे परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. वरिष्ठांना सर्व सांगावे की आधी रक्कम परत करून पुढची पाकिटे नाकारावीत, हे तुमच्या कारखान्यातील माणसे, रकमेचा आकार आणि तुमच्यावर अवलंबून असलेली तोंडे पाहून ठरवावे लागेल. माझ्या मंडळीतील दोन माणसांनी अशी कबुली दिली होती. एकाला त्याच्या साहेबांनी ऐकून घेतले, विभाग बदलला आणि प्रकरण तिथेच संपवले. दुसऱ्याची नोकरी गेली. त्याला दुसरे काम मिळेपर्यंत सात महिने लागले, आणि त्या काळात त्याच्या घरचे धान्य आणि मुलांची फी मंडळीतील पाच कुटुंबांनी वाटून घेतली. हे मी तुम्हांला आधीच सांगतो, कारण किंमत न सांगता वधस्तंभ उचलायला सांगणारा पाळक मला होता आले नाही, आणि होऊही नये. म्हणून कबुलीच्या आधी, साहेबांच्या केबिनमध्ये जाण्याच्याही आधी, तुमच्या मंडळीतील एका विश्वासू, वयाने मोठ्या माणसाला ती यादी दाखवा. ज्या गोष्टीचा साक्षीदार नाही ती गोष्ट आपण दुसऱ्या आठवड्यात विसरतो.

पुढच्या पाकिटासाठी वाक्य आधीच तयार करून ठेवा, कारण वेळेवर शब्द सापडत नाहीत. ‘तुमचा माल चांगला असेल तर ऑर्डर मिळेलच, मी पाकीट घेत नाही, राग मानू नका,’ एवढे पुरे आहे. यात उपदेश नको. समोरचा माणूस बहुधा एखादा लहान उद्योजक किंवा त्याचा नोकर असतो आणि त्याच्या मालकाने किंवा बाजाराच्या रीतीने त्याला ते पाकीट द्यायला लावलेले असते. त्याला लाज वाटेल असे बोलू नका. त्याचे बिल वेळेवर पुढे सरकवणे हीदेखील तुमची सेवा आहे. लहान पुरवठादाराचे पैसे तीन-तीन महिने अडकतात तेव्हा त्याच्या कामगारांचा पगार अडकतो, आणि मजुरी रोखून धरण्याबद्दल याकोबाचे पत्र किती कठोर बोलते ते पाचव्या अध्यायात वाचून पाहा.

आता वेळापत्रक. ते मुद्दाम लहान ठेवतो. मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचन घ्या. त्यात १११ वचने आहेत. रोज दोन किंवा तीन वचने, बसमध्ये, पाळी कोणतीही असली तरी जातानाच्या प्रवासात वाचा. वाचून झाल्यावर फोन बंद करा आणि स्वतःला एकच विचारा: आज ज्या माणसांशी माझी गाठ पडणार आहे, त्यांच्यापैकी कोणाच्या बाबतीत हे मला लागू आहे? माणसाचे नाव आठवेपर्यंत वचन सोडू नका. परत येताना दोन मिनिटे तेच नाव आठवून काय घडले ते देवाला सांगा. चांगले घडले तर उपकार माना, चुकले असेल तर तसे म्हणा. दीड महिन्यात प्रवचन संपेल. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करा आणि हे दोनदा करा. मी एका संबंध वर्गाला तीन महिने यापलीकडे काहीही वाचायला दिले नव्हते, आणि मंडळीतील वडिलांनी त्याबद्दल तक्रारही केली होती. पण जी मुले आजही मला भेटून त्या वर्गाविषयी बोलतात, ती त्या वर्षीचीच आहेत.

प्रभूची प्रार्थना याच प्रवचनात आहे आणि ती तुम्हांला लहानपणापासून पाठ असणार. तिच्यात आपण रोजची भाकर मागतो आणि ऋण हा शब्द उच्चारतो: आम्ही ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे सोड. खरेदी विभागात बसून बिले पास करणाऱ्या माणसाइतका या दोन शब्दांचा अर्थ कोणाला कळावा? ही प्रार्थना घाईने म्हणू नका. एखाद्या दिवशी एवढी एकच झाली तरी तो दिवस फुकट गेला असे मी म्हणणार नाही.

आतापर्यंत पैसा आणि वचन या दोन गोष्टी झाल्या. तिसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो, कारण ती माझ्यावरच गुदरली होती.

नेवासे तालुक्यात आमच्या वडिलांची थोडी जमीन होती. वाटणी झाल्यावर बांधावरून आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून माझे आणि थोरल्या भावाचे बिनसले. चूक कोणाची हे आज महत्त्वाचे नाही. तेव्हा मात्र मला माझी बाजू पाठ होती. सहा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या सहा वर्षांत माझे पहाटेचे वाचन एकदाही चुकले नाही. दर महिन्याला मी मंडळीला प्रभुभोजन देत होतो. आपला भाऊ आपल्याविरुद्ध आहे हे आठवले तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जा, हे वचन मी निदान दोनदा व्यासपीठावरून समजावून सांगितले असेन. एका उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी पहिल्या उद्गारावर बोलायचे काम माझ्याकडे आले. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ एवढे लिहून मी पुढे काही लिहूच शकलो नाही. दुपारी कागद तसाच टाकून एसटीने गावी गेलो.

भावाने मला मिठी मारली असे काही झाले नाही. तो ओट्यावर बसला होता, वहिनींनी चहा दिला, पावसाची आणि कांद्याच्या भावाची बोलणी झाली. मी म्हणालो, ‘दादा, मी सहा वर्षे आलो नाही, हे माझे चुकले.’ तो काहीच बोलला नाही. बांधाचा प्रश्न त्यानंतर दोन वर्षांनी सुटला आणि तो माझ्या मनासारखा सुटला नाही. तरी त्या संध्याकाळच्या एसटीत बसल्यावर मला कळले की सहा वर्षे मी देवाचे वचन वाचत होतो, पण ते ज्या दारातून आत येऊ पाहत होते ते दार मीच लावून घेतले होते. म्हणून आज कोणी मला शिष्यत्व कुठून सुरू करू असे विचारले, तर मी त्याला सर्वांत सोपी जागा दाखवत नाही. जिथे दुखते तिथून सुरू करा, असे सांगतो. तुमच्या बाबतीत ते पाकीट आहे असे मला वाटते. दुसरे काही असेल तर ते तुम्हांलाच ठाऊक असणार.

खंडेनवमीच्या यंत्रपूजेबद्दल मंडळीत प्रामाणिक माणसांचीही मते वेगवेगळी आहेत, आणि मी माझे मत आज्ञा म्हणून देणार नाही. पौल करिंथकरांना लिहितो की मूर्ती म्हणजे काही नाही, बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला नैवेद्य म्हणून दाखवलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नका. तिकडे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात परमेश्वरावर विश्वास ठेवू लागलेला अरामी सेनापती नामान विचारतो की, राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन दैवताच्या देवळात जाईल आणि मलाही नमावे लागेल, तेव्हा परमेश्वर मला क्षमा करील काय. आणि संदेष्टा अलीशा त्याला शांतीने जा एवढेच म्हणतो. मी स्वतः लोकांना असे सुचवत आलो: त्या दिवशी विभागाची साफसफाई, फुलांचे हार बांधणे, जेवणाची व्यवस्था यांत सर्वांच्या आधी हात लावा, आरती आणि नमस्कार यांच्या वेळी शांतपणे बाजूला उभे राहा, आणि प्रसाद पुढे आला तर देणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून, दोन्ही हात जोडून, मी ख्रिस्ती आहे म्हणून हा घेत नाही, जेवायला मात्र तुमच्या शेजारीच बसणार, असे म्हणा. ज्यांची विवेकबुद्धी याहून मोकळी आहे किंवा याहून कडक आहे, त्यांचा तुम्ही न्याय करू नका. तुमचे सहकारी वर्षभर तुमच्याकडे पाहत असतात. ज्याने पाकीट नाकारले आहे त्याचा हा नकार ते समजून घेतात. पाकीट घेऊन प्रसाद नाकारणाऱ्याचा नाही.

एक लहानशी गोष्ट घराविषयी. तुमच्याकडे भांडी-धुण्याला कोणी बाई येत असतील, तर त्यांना चहा कोणत्या कपात दिला जातो ते एकदा पाहा. हे मी सहज विचारत नाही. मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या काळात लक्ष्मीबाई आपले सोवळे-ओवळे सांभाळत होत्या, आणि ख्रिस्त त्यांच्या आयुष्यात आला तो आधी पाण्याच्या आणि जेवणाच्या वाटेने. जातिभेद माणसाने केला, देवाने नाही, हे पटल्यावर सर्वांच्या हातचे घेण्यास त्यांनी आरंभ केला आणि बाप्तिस्मा नंतर आला. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबांच्या पणज्या-खापरपणज्यांना पाणवठ्यावर जाऊ दिले जात नव्हते. अशा घरातून आलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात कामवाल्या बाईंसाठी वेगळा, कान तुटलेला कप ठेवलेला मी पाहिला आहे, आणि ते पाहून मला जेवण गेले नाही.

काम आणि प्रार्थना ही दोन वेगळी खाती आहेत असे तुमच्या पत्रातून जाणवते, म्हणून केडगावच्या मुक्तिसदनाची आठवण देतो. १८९६-९७ च्या दुष्काळात आणि त्यानंतर पंडिता रमाबाईंनी शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया तिथे आणल्या. तिथे त्या विणकाम, शेती, तेलाचा घाणा आणि छपाईही शिकल्या. रमाबाईंनी साध्या मराठीत केलेल्या पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे छपाईचे खिळे (अक्षरांचे साचे) याच स्त्रियांनी जुळवले. खिळे जुळवणे हे काम होते की उपासना, असा प्रश्न तिथे कोणाला पडला नसावा. तुमच्या टेबलावरचे कोटेशनांचे तुलनापत्रक तुम्ही खरे भरले, तर त्याकडेही मी त्याच नजरेने पाहीन.

पत्नीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. दुसऱ्या पाळीहून थकून आलेला माणूस चिडतो, हे मी समजू शकतो. आणि थकवा हे कारण खरे असेल तर त्याचा इलाज झोप हा आहे, तेव्हा रात्री आल्यावर फोन बघत बसू नका. पण गेली काही वर्षे जी गोष्ट तुम्ही खणात लपवली आहे तिचे ओझेही त्या आवाजात असू शकते. मी पाहिलेल्या पुष्कळ घरांत असे होते की माणूस जे बाहेर लपवतो त्याचा राग घरात निघतो. आवाज चढला तर त्याच रात्री, दिवा मालवण्याआधी, ‘माझे चुकले’ एवढे म्हणा, कारण सांगू नका.

आणि पाकिटांची यादी करायला बसाल तेव्हा एकटे बसू नका. मुलगी झोपल्यावर पत्नीला शेजारी घ्या आणि आधी हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. परत करायची रक्कम घरखर्चातूनच जाणार आहे, तेव्हा ती किती हप्त्यांत द्यायची आणि या महिन्यात काय कमी करायचे हे त्यांच्याशी बोलून ठरवा. रक्कम ठरली की तुमच्या मंडळीच्या पाळकांना दोघांनी मिळून भेटा, आणि साहेबांकडे जाण्याचा दिवस त्यांच्यासमोर बसून निश्चित करा.